लुंबिनीला निघालात, विम्याचा कागद घेतलात काय?

दिवाळी सरली, थंडी पडू लागली की आपल्या वस्त्यावस्त्यांतील बुद्धविहारांच्या फलकावर एक पत्रक हमखास लागते. 'बुद्धगया, राजगीर, नालंदा, वैशाली, कुशीनगर, लुंबिनी, श्रावस्ती, सारनाथ. चहा, नाश्ता, भोजन व निवासासह.' त्या पत्रकाखाली नावे नोंदवायला येणारी माणसे कोण असतात? महापालिकेतून निवृत्त झालेला सफाई कामगार, चार घरची धुणीभांडी करून बचत गटात पैसे टाकणारी माउली, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी केलेला म्हातारा. आयुष्यभर पोटाला चिमटा घेऊन त्यांनी एकच इच्छा मनाशी धरलेली असते. जिथे सिद्धार्थ जन्मला ती भूमी एकदा डोळ्यांनी पाहायची. ज्यांच्या आज्या-पणज्यांना गावच्या देवळाची पायरी चढू दिली नाही, त्यांच्या लेकी आज लुंबिनीच्या अशोकस्तंभासमोर पांढरी साडी नेसून त्रिसरण म्हणतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर जी क्रांती झाली, तिचे हे एक जिवंत फळ आहे. या यात्रांचे आम्ही मनापासून स्वागतच करतो.

परंतु या पत्रकात जे छापलेले नसते त्याविषयी आज आम्हाला लिहायचे आहे. वर दिलेल्या आठ स्थळांपैकी सात भारतात आहेत. लुंबिनी मात्र नेपाळमध्ये आहे. म्हणजे ती विदेशयात्रा आहे. गोरखपूरहून निघालेली बस सुनौलीच्या कमानीखालून पलीकडे गेली, की आपण दुसऱ्या देशात असतो. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, पासपोर्टवाचूनही ओळखपत्रावर रस्त्याने जाता येते. त्यामुळे आपण परदेशात आलो आहोत हे कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही. तिकडची भाषा समजते, जेवण आपल्यासारखे असते, दुकानदार भारतीय रुपया घेतो. पण माणूस आजारी पडला की मग सीमा कशाला म्हणतात ते कळते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या परिचयाच्या एका विहाराची बस लुंबिनीला गेली होती. बसमध्ये ७१ वर्षांच्या एक उपासिका होत्या. सगळी बस त्यांना मावशी म्हणत असे. शुगर आणि बीपी दोन्ही. पहाटेचे दाट धुके, बारा तास बसून सुजलेले पाय, वेळेवर न मिळालेले जेवण. मायादेवी मंदिरातून बाहेर पडताना त्या खाली बसल्या त्या उठेचनात. छातीत कळा, अंगाला दरदरून घाम. बसमधल्या पोरांनी धावपळ करून त्यांना भैरहवाच्या एका खाजगी रुग्णालयात नेले. तिथे पहिला प्रश्न डिपॉझिटचा आला. एकाने आपले महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कार्ड पुढे केले. काउंटरवरच्या माणसाने ते उलटेपालटे करून पाहिले आणि परत दिले. त्याचे काहीच चुकले नाही. ती योजना महाराष्ट्राची. दुसऱ्या देशातील रुग्णालयाने ती का मानावी? भारतातील फोन तिकडे लागेनात. शेवटी बसमधल्या पन्नास जणांनी आपापल्या पदराच्या गाठी सोडल्या. पंचवीस-पंचवीस वर्षे पै-पै जमवून यात्रेला आलेल्या बायांनी परतीच्या खर्चाचे पैसे काढून दिले.

दुसऱ्या दिवशी मावशींना रुग्णवाहिकेने सीमेपर्यंत आणि तिथून दुसऱ्या रुग्णवाहिकेने गोरखपूरला आणले. तिथे आणखी एक गोष्ट उघड झाली. २०२४ च्या ऑक्टोबर अखेरीपासून केंद्र सरकारने सत्तर वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचा हक्क दिला आहे. हे कार्ड भारतातील कोणत्याही राज्यात, योजनेत सामील असलेल्या रुग्णालयात चालते. गोरखपूरलाही चालले असते. पण मावशींनी ते काढलेलेच नव्हते. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. म्हणजे सीमेपलीकडे विमा नव्हता म्हणून पैसे गेले, आणि सीमेअलीकडे हक्क असून कार्ड नव्हते म्हणून पैसे गेले.

मावशी वाचल्या. तथागतांच्या करुणेने म्हणा, डॉक्टरांच्या कौशल्याने म्हणा. पण मुलाने सुनेचे डोरले गहाण टाकले आणि वर व्याजाने रक्कम उचलली ती आजही फिटलेली नाही. तो आयोजकाकडे गेला. म्हणाला, "भाऊ, पत्रकात तर विम्यासह असं छापलं होतं." आयोजकाने प्रामाणिकपणे कागद काढून दाखवला. तो रेल्वेच्या तिकिटाबरोबर मिळणारा ४५ पैशांचा विमा होता. तो केवळ रेल्वे अपघातासाठी असतो. हृदयविकाराशी त्याचा संबंध नाही, नेपाळशी तर नाहीच नाही. आयोजकाने फसवले असे आम्ही म्हणत नाही. त्यालाही विमा म्हणजे विमा, एवढेच ठाऊक होते. आमचे दुखणे नेमके हेच आहे.

प्रस्थापितांच्या घरात विम्याचा कागद ही तीन पिढ्यांची सवय आहे. त्यांचा एखादा काका विमा कंपनीत असतो, मेहुणा एजंट असतो, परदेशी जाणाऱ्या आजीची पॉलिसी तिच्या तिकिटाआधी निघते. आपल्या घरातून परदेशी जाणारी ही पहिली पिढी आहे. आपल्याला हे सांगणारे घरात कोणी नाही. ज्ञानाची मक्तेदारी फक्त वेदांपुरती नसते, समाजबांधवहो! फॉर्म कसा भरावा, कोणत्या रकान्यात काय लिहावे, कोणत्या नंबरवर आधी फोन करावा, हेही ज्ञानच आहे आणि तेही आपल्यापासून दूर राहिले आहे.

त्यात आपलाही एक दोष आहे, तो झाकून चालणार नाही. यात्रेच्या बैठकीत कोणी विम्याचा विषय काढला की चार तोंडे वाकडी होतात. "शुभकार्याला निघताना मरणाच्या गोष्टी कशाला?" असे बोलणारे आम्ही स्वतः ऐकले आहेत. शुभ-अशुभ, शकुन-अपशकुन हे सारे आपण २२ प्रतिज्ञा घेताना मागे टाकून आलो ना? मग विम्याच्या कागदापाशीच ते पुन्हा कसे उगवते? तथागतांनी अनित्यता शिकवली. महापरिनिर्वाणाच्या वेळी त्यांनी भिक्खूंना उपदेश केला तो अप्रमादाचा, म्हणजे गाफील न राहण्याचा. अनित्यतेवर विश्वास असणाऱ्या माणसाने तर सर्वांआधी विमा काढला पाहिजे.

विनयपिटकातील एक प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी धम्मप्रवचनात ऐकला असेल. एक भिक्खू अतिसाराने आजारी होता, स्वतःच्याच घाणीत पडून होता. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून अंथरुणावर निजवले. मग भिक्खूंना एकत्र करून समजावले, की तुम्ही घरदार सोडून आलात, इथे तुमची आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? घरापासून दूर आजारी पडलेल्या माणसाची जबाबदारी त्याच्या सोबत्यांवर असते, संघावर असते, हा त्याचा अर्थ. त्या बसमधल्या पन्नास जणांनी हा धम्म पाळला. परंतु अडीच हजार वर्षांनंतर आपल्या हाती त्याहून भक्कम साधन आहे. सर्वांनी थोडे थोडे आधी जमा करायचे आणि ज्याच्यावर प्रसंग येईल त्याला पुरेसे द्यायचे, हेच तर विम्याचे तत्त्व आहे. पदराच्या गाठी रुग्णालयाच्या दारात सोडण्यापेक्षा घरून निघण्यापूर्वी सोडल्या तर काय वाईट?

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विम्याकडे कसे पाहिले हे आपण विसरलो आहोत. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच काळात प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम होते. १९४४ साली तो अहवाल आला आणि त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. कामगार आजारी पडला तर त्याने मालकापुढे हात पसरू नये, उपचार हा त्याचा हक्क असावा, ही त्यामागची भूमिका. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात तर त्यांनी विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी मागणी घटनेतच घालायला सांगितली. बाबासाहेबांच्या लेखी विमा हा धर्मादाय नव्हता, धंदा नव्हता. तो माणसाला मिळणारा भरवसा होता.

आणि आणखी एक आठवण. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला जागतिक बौद्ध परिषद भरली. बाबासाहेबांची प्रकृती तेव्हा पार ढासळलेली होती. मधुमेहाने शरीर पोखरले होते. तरीही ते गेले. २० नोव्हेंबरला त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांच्यावर भाषण केले आणि त्यानंतर सोळाव्या दिवशी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्या प्रवासात माईसाहेब सोबत होत्या आणि माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या. आपल्या मावशीच्या सोबत कोण होते?

हा प्रश्न लुंबिनीपुरता नाही. आज आपली मुले लंडनला, मेलबर्नला, बर्लिनला शिकायला जातात. आपल्या मुलांनी परदेशी शिकावे म्हणून बाबासाहेबांनी १९४२ सालीच सरकारकडे निवेदन दिले होते. आज राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, केंद्राची राष्ट्रीय विदेश शिष्यवृत्ती आहे आणि केंद्राच्या शिष्यवृत्तीत वैद्यकीय विम्याच्या हप्त्याची तरतूदही आहे. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्याला व्हिसासोबतच वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरावा लागतो आणि मग तिथली सरकारी आरोग्यसेवा त्याला मिळते. ऑस्ट्रेलिया आणि जर्मनीत विद्यार्थ्यांना आरोग्य विम्याशिवाय थारा नाही. युरोपातील शेंगेन देशांचा पर्यटक व्हिसा हवा असेल तर किमान ३० हजार युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा दाखवावाच लागतो आणि त्यात रुग्णाला किंवा मृतदेहाला मायदेशी आणण्याचा खर्चही धरलेला असावा लागतो. म्हणजे श्रीमंत देश आधी विम्याचा कागद मागतात. त्यामुळे तिकडे जाणारा आपोआप सुरक्षित होतो. नेपाळच्या सीमेवर तो कोणी मागत नाही, म्हणून गरिबातला गरीब यात्रेकरू उघड्यावर राहतो.

अमेरिकेत नोकरीला गेलेल्या लेकाकडे जाणाऱ्या आईवडिलांचीही हीच गत. पर्यटक व्हिसावर जाताना अमेरिका विमा मागत नाही. १९८६ च्या कायद्याने तिथल्या रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागात रुग्णाला पैशांवाचून परत पाठवता येत नाही हे खरे. पण बिल मागाहून येतेच, आणि ते फेडण्यात लेकाची काही वर्षांची कमाई जाऊ शकते.

आणि आखाती देशांत राबायला जाणारे आपले कामगार? दहावी न झालेला कामगार तिकडे नोकरीसाठी जाताना प्रवासी भारतीय विमा योजना घेणे बंधनकारक आहे. २०१७ च्या सुधारणेप्रमाणे दोन वर्षांसाठी २७५ रुपये आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये, वर कर, एवढाच तिचा हप्ता. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख आणि उपचारांसाठी एक लाखापर्यंत, तेही एका वेळी पन्नास हजारांपर्यंतच. एवढ्यात परदेशात काय होते ते वेगळे सांगायला नको. पण तेवढाही हक्क घरच्यांना ठाऊक नसतो. पॉलिसीचा कागद एजंटाच्या कपाटात आणि माणूस दुबईत. त्या कागदाची एक प्रत घरी, एक कामगाराजवळ असलीच पाहिजे.

आता विमा काढला म्हणजे सगळे झाले, असेही नाही. विमा कंपनी हप्ता घेताना हसते आणि क्लेम देताना कपाळाला आठ्या घालते. येथे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल सर्वांनी लक्षात ठेवावेत. २००९ साली न्यायालयाने एक क्लेम नाकारणे योग्य ठरवले, कारण विमा घेणाऱ्याने मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार लपवला होता. दुसरा निकाल ६ डिसेंबर २०२१ चा. एक गृहस्थ २००९ मध्ये परदेश प्रवासाचा वैद्यकीय विमा घेऊन अमेरिकेला गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरताच त्यांची प्रकृती बिघडली, हृदयात तीन स्टेंट टाकावे लागले. त्यांनी फॉर्ममध्ये मधुमेह सांगितलेला होता, वैद्यकीय तपासणीही झालेली होती. तरी कंपनीने चरबीच्या आजाराची गोळी सांगितली नाही म्हणून क्लेम फेटाळला. राष्ट्रीय ग्राहक आयोगातही ते हरले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्यांच्या बाजूने कौल दिला. आजार कळूनही, तपासणी करून पॉलिसी दिल्यावर त्याच आजाराचे निमित्त काढून कंपनीला हात झटकता येणार नाहीत, असा त्याचा मथितार्थ. बारा वर्षे लागली, पण न्याय मिळाला. दोन्ही निकालांतून धडा एकच: जे आहे ते सांगा. शुगर आहे, लिहा. बीपीची गोळी चालू आहे, लिहा. बायपास झाली आहे, लिहा. "सांगितलं तर हप्ता वाढेल" म्हणून लपवणारा माणूस कंपनीच्या हाती आयते हत्यार देतो.

म्हणून आमच्या विहार समित्यांना, महिला मंडळांना आणि यात्रा आयोजकांना काही कळकळीच्या सूचना आहेत. नाव नोंदवतानाच प्रत्येकाचे वय, आजार, चालू औषधे आणि घरच्या माणसाचा फोन नंबर एका वहीत लिहून घ्या. यात्रेचा विमा घेताना त्यात 'नेपाळ' हा देश शब्दशः लिहिलेला आहे का ते पाहा. एजंटाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. वयाची मर्यादा काय, आधी खिशातून किती भरायचे, पूर्वीपासूनच्या आजाराला काय मिळते, हे विचारा. बहुतेक प्रवासी पॉलिसींत जुन्या आजारासाठी केवळ जीव वाचवण्यापुरते उपचार धरलेले असतात किंवा तेही नसतात. मृतदेह घरी आणण्याचा खर्च आहे का, हेही न लाजता विचारा. कंपनीचा मदत क्रमांक बसच्या पुढच्या काचेवर चिकटवा आणि रुग्णालयात भरती करताच, शक्य तर त्याआधीच, त्यावर फोन करा. बसमधल्या दोघांच्या फोनवर नेपाळमध्ये चालणारी सोय आधीच करून घ्या. प्रत्येक बिल, प्रत्येक चिठ्ठी, डिस्चार्जचा कागद जपा. सत्तरीपुढच्या प्रत्येकाचे आयुष्मान कार्ड निघाल्याशिवाय त्याला बसमध्ये बसवू नका. कारण रुग्णाला हलवता येत असेल तर सुनौलीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर गोरखपूर आहे आणि तिथे ते कार्ड उपयोगी पडते.

क्लेम नाकारला गेला तर रडत घरी बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. फी लागत नाही, वकील लागत नाही. परदेशात कोणी अगदीच निराधार अडकला, तर भारतीय वकिलातीकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. त्यातून गरजू भारतीयाच्या तातडीच्या उपचारांना आणि पार्थिव मायदेशी आणायला मदत देता येते. तो मागावा लागतो. न मागता काही मिळाल्याचा आपला इतिहास नाही.

सरकारलाही आमचा सवाल आहे. हज यात्रेकरूंसाठी भारत सरकार मक्का-मदिनेत डॉक्टरांची पथके पाठवते, ते योग्यच आहे. कैलास-मानसरोवरला निघालेल्यांची आधी वैद्यकीय तपासणी होते, तेही योग्य आहे. मग दर हिवाळ्यात महाराष्ट्रातून लुंबिनीला जाणाऱ्या बौद्ध यात्रेकरूंसाठी सुनौलीच्या सीमेवर एखादे वैद्यकीय मदत केंद्र का नसावे? राज्य सरकारने नाममात्र हप्त्यात नेपाळपुरता सामूहिक विमा का काढू नये? सामाजिक न्याय विभागाला हे अवघड नाही. बाबासाहेबांनी ऐंशी वर्षांपूर्वी गिरणी कामगारासाठी जे मागितले, तेच आज त्याच्या म्हाताऱ्या विधवेसाठी आम्ही मागत आहोत.

सरकार देईल तेव्हा देईल. यंदाची पत्रके मात्र छापायला निघाली असतील. त्यात 'चहा, नाश्ता, भोजन व निवासासह' या ओळीखाली आणखी एक ओळ घाला: 'नेपाळमधील वैद्यकीय विम्यासह.' आणि ती ओळ खरी असू द्या. आमच्या त्या मावशी परवा विहारात भेटल्या. म्हणाल्या, "लुंबिनी पाहिली रे बाबा, मन भरलं. पण पोराचं कर्ज डोळ्यांसमोरून हलत नाही." बुद्धभूमीचे दर्शन घेऊन आलेल्या माणसाच्या डोळ्यांत सावकार दिसू नये, एवढेच आमचे मागणे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!